बांधाची लांबी, कोपऱ्याचा कोन आणि शेताची बंद आकृती

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर शेताची हद्द ही देशावरच्याइतकी स्थिर वस्तू नाही. देशावर एकदा घातलेला दगडी बांध पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. उलट पेण, अलिबाग, उरण, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांतील खारजमिनीत बांध हे खाडीच्या चिखलाचेच असतात. समुद्राकडील मुख्य बांधाला, म्हणजे बाहेरकाठ्याला, उधाणाच्या दिवसांत खांड पडली आणि ती वेळीच बुजविली गेली नाही, तर भरतीचे पाणी आत शिरते. शेताशेतांमधील लहान बांध त्यात विरघळतात, कोपऱ्याचे दगड गाळात बुडतात आणि पाणी ओसरल्यावर मागे उरते ते एकसारखे राखट मैदान. अशा वेळी कोणाचे शेत कोठे संपत होते हे जमीन सांगत नाही. ते सांगू शकतो फक्त कागद. परंतु कागदावरील माप बरोबर असेल तरच!

शेताची हद्द कागदावर उतरविण्याचे काम आता संगणकामुळे पुष्कळ सोपे झाले आहे. बाजूंच्या लांब्या व कोपऱ्यांचे कोन यांचे आकडे आरेखनाच्या प्रणालीत भरले की शेताची आकृती काही मिनिटांत तयार होते व तिचे क्षेत्रही मिळते. ऑटोकॅड ही या कामाची सुपरिचित प्रणाली होय. लिब्रेकॅड या नावाची प्रणाली विनामूल्य मिळते आणि आपल्या कामास ती पुरेशी आहे. मात्र या सोयीबरोबर एक धोकाही आला आहे. आकृती चुकीच्या मापांवरून काढलेली असली तरी संगणक ती तितक्याच सुबकपणे काढून देतो. चूक कोठे उघडी पडते आणि ती कशामुळे झाकली जाते, हे गावातील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी समजून घ्यावे, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

केवळ लांब्या पुरेशा का होत नाहीत?

चौकोनी शेताचे क्षेत्र काढण्याची एक रीत गावोगावी रूढ आहे. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढावयाची व दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करावयाचा. शेत काटकोनात असेल तर ही रीत ठीक चालते. परंतु शेत कलते असेल तर ती फसवी ठरते. चारही बाजू ४० मीटरच्या असलेले एक शेत घ्या. त्याचे कोपरे काटकोनात असतील तर क्षेत्र १६०० चौरस मीटर भरते. त्याच चार बाजू कायम ठेवून शेत असे कलले की त्याचा एक कोपरा ६० अंशांचा झाला, तर क्षेत्र सुमारे १३८६ चौरस मीटरच राहते. दोन गुंठ्यांहून अधिक जमीन कमी झाली, पण फीत मात्र दोन्ही वेळा ४० मीटरच दाखविते. यास्तव लांबीबरोबर कोनही हवा, किंवा कोनाच्या जागी निदान कर्ण तरी हवा.

जुन्या मोजणीदारांना हे चांगले ठाऊक होते. १८३६ साली पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी ज्या पद्धतीने मोजणीचे काम हाती घेतले, ती पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली. त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची असे व तिचे १६ आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. शेतातून एक मुख्य रेषा घ्यावयाची, तिच्यावर काटकोनात प्रत्येक कोपऱ्यापर्यंतचे अंतर मोजावयाचे आणि शेताचे त्रिकोण व समलंब चौकोन पाडावयाचे, अशी ती रीत होती. जुन्या टिपणांत जे आकडे दिसतात ते या साखळीचे व आण्यांचे आहेत. ते संगणकात घालावयाचे झाल्यास एक साखळी म्हणजे १०.०५८४ मीटर, एक आणा म्हणजे सुमारे ०.६३ मीटर आणि एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, हे प्रमाण लक्षात ठेवावे. एकाच आकृतीत फूट व मीटर कधीही मिसळू नयेत.

शेतावर मोजणी करताना घ्यावयाची काळजी

कोपऱ्यांना क्रमाने अ, ब, क अशी नावे द्यावीत आणि शेत सतत आपल्या डाव्या हाताला राहील अशा रीतीने बांधावरून फिरावे. प्रत्येक बाजूची लांबी फितीने दोनदा, एकदा जाताना व एकदा येताना मोजावी. प्रत्येक कोपऱ्यावरून पुढील कोपऱ्याची दिशा होकायंत्राने घ्यावी. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेल्या या कोनास दिगंश म्हणतात. उत्तर म्हणजे शून्य, पूर्व ९० अंश, दक्षिण १८० व पश्चिम २७०.

होकायंत्राच्या बाबतीत आपल्या जिल्ह्यातच एक मोठा धडा उपलब्ध आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे पूर्वी घेतली जात. शहरात विजेच्या ट्रामगाड्या सुरू होणार असे ठरले तेव्हा त्या विजेमुळे निरीक्षणे बिघडतील हे ध्यानी घेऊन अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. १९०४ पासून ती काम करीत आहे. एवढ्या मोठ्या वेधशाळेला ज्या कारणाने जागा बदलावी लागली, ते कारण आपल्या लहानशा होकायंत्रालाही लागू आहे. लोखंडी पहार, खोरे, तारेचे कुंपण, पंपाची मोटार, उभी केलेली मोटारसायकल, विजेची तार, खिशातील मोबाइल, या साऱ्यांनी सुई ढळते. आपल्याकडील काळ्या पाषाणातही लोहखनिजाचा अंश असतो, म्हणून कातळाला टेकून माप घेऊ नये.

सुई ढळली किंवा नाही हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे. अ वरून ब ची दिशा घेतल्यावर ब वरून पुन्हा अ ची दिशा घ्यावी. दोहोंत बरोबर १८० अंशांचा फरक असला पाहिजे. नसेल तर त्या दोनपैकी एका ठिकाणी काहीतरी लोखंड आहे असे समजावे. ६० मीटरच्या बाजूवर दिशा एका अंशाने चुकली तर पुढचा कोपरा एक मीटरहून अधिक सरकतो. हे ध्यानी ठेवले म्हणजे ही दुहेरी तपासणी कंटाळवाणी वाटणार नाही.

होकायंत्राऐवजी कोन मोजण्याच्या यंत्राने कोपऱ्यांचे आतील कोन घेतले असतील तर त्यांची बेरीज तपासावी. कोपऱ्यांच्या संख्येतून दोन वजा करून १८० ने गुणावे. चार कोपरे असल्यास बेरीज ३६०, पाच असल्यास ५४० व सहा असल्यास ७२० अंश आली पाहिजे. ही तपासणी शेतावर असतानाच करावी, घरी आल्यावर नव्हे.

कोन मोजण्याचे कोणतेच साधन जवळ नसेल तर कर्ण मोजावेत. त्रिकोणाच्या तीन बाजू कळल्या की त्याचा आकार बदलू शकत नाही. पाच कोपऱ्यांच्या शेतात एकाच कोपऱ्यातून दोन कर्ण मोजले की त्याचे तीन त्रिकोण पडतात. एखादा जादा कर्ण ताळ्यासाठी मोजून ठेवावा.

आणखी तीन गोष्टी सांगावयास हव्यात. पहिली, बांधाचा मध्य धरावयाचा की आतील कड, हे आधी ठरवावे व सर्व बाजूंना तोच नियम लावावा. दीड मीटर रुंदीच्या बांधाने वेढलेल्या, सुमारे २०९ मीटर परिमितीच्या शेतात एवढ्याशा फरकाने सुमारे दीड गुंठ्याचे अंतर पडते. दुसरी, वरकस जमिनीत फीत उतारावर टेकवू नये, ती आडवी व समपातळीत धरावी. पाच मीटरला एक मीटर चढ असलेल्या उतारावर टेकविलेले ३० मीटर हे नकाशावर २९.४२ मीटरच भरतात. तिसरी, खारजमिनीतील मोजणी उन्हाळ्यात, भांगाच्या भरतीच्या दिवसांत व ओहोटीच्या वेळी करावी. उधाणाच्या दिवसांत कोपरे पाण्याखाली राहिल्यास माप अंदाजाने घेण्याचा मोह होतो.

एक उदाहरण

रीत स्पष्ट व्हावी म्हणून पाच कोपऱ्यांचे एक शेत उदाहरणादाखल घेऊ. त्याची मापे अशी आली आहेत असे समजा.

अ ते ब: लांबी ६२.० मीटर, दिगंश ८० अंश
ब ते क: लांबी ४५.० मीटर, दिगंश ३५० अंश
क ते ड: लांबी ३८.० मीटर, दिगंश २७५ अंश
ड ते इ: लांबी ३०.० मीटर, दिगंश २१५ अंश
इ ते अ: लांबी ३३.६ मीटर, दिगंश १७६ अंश ३० मिनिटे

एकूण परिमिती २०८.६ मीटर. येथे शेवटच्या बाजूचे माप मुद्दाम घेतले आहे, हे लक्षात घ्यावे. चार बाजू मोजल्या की पाचवी आपोआपच कळते, मग ती कशाला मोजावयाची, असे पुष्कळांना वाटते. परंतु ही पाचवी बाजूच आपली साक्षीदार होय. तिच्या मापाची आकृती काढण्यास गरज नसली तरी आकृती तपासण्यास फार गरज आहे.

संगणकावर आकृती काढणे

आरेखनाच्या प्रणाली कोन मोजण्याची वेगळी रीत पाळतात. काही बदल न केल्यास त्यांचा शून्य अंश पूर्वेला असतो व कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वाढतो. आपला दिगंश मात्र उत्तरेपासून व काट्यांच्या दिशेने मोजलेला असतो. म्हणून ९० मधून दिगंश वजा करावा व उत्तर उणे आल्यास त्यात ३६० मिळवावेत. आपल्या उदाहरणात ८० चे १०, ३५० चे १००, २७५ चे १७५, २१५ चे २३५ व १७६.५ चे २७३.५ होतात. प्रणालीतील एककांच्या मांडणीत शून्य अंश उत्तरेला व दिशा काट्यांप्रमाणे अशी नोंद करता आल्यास दिगंश जसाच्या तसा घालता येतो. कोणतीही रीत स्वीकारली तरी प्रथम दहा मीटरची एक रेषा शून्य अंशावर काढून पाहावी. ती उजवीकडे गेली की वर, यावरून मांडणी लगेच कळते. मग ती रेषा पुसून कामास लागावे.

येथे नवशिक्यांकडून नेहमी होणारी एक चूक सांगून ठेवतो. १७६ अंश ३० मिनिटे म्हणजे १७६.५ अंश, १७६.३० नव्हे. एका अंशात साठ मिनिटे असतात, म्हणून मिनिटांना साठाने भागूनच दशांश करावा.

आता सलग रेषेची, म्हणजे पॉलिलाइनची, आज्ञा द्यावी. अ या कोपऱ्यासाठी कोणताही एक बिंदू घ्यावा. नंतर मागील बिंदूपासूनचे अंतर व कोन पुढील प्रमाणे एकामागून एक टंकावेत. आकडे संगणकात अर्थातच इंग्रजी अंकांत घालावयाचे आहेत.

@६२<१०
@४५<१००
@३८<१७५
@३०<२३५
@३३.६<२७३.५

सुरुवातीचे चिन्ह ‘मागील बिंदूपासून’ असे सांगते. त्यापुढील आकडा लांबीचा, आणि कोनचिन्हानंतरचा आकडा दिशेचा.

दिशांऐवजी आतील कोन मोजले असतील तर पहिल्या बाजूची दिशा घेऊन पुढील दिशा हिशेबाने काढाव्यात. शेत डाव्या हाताला ठेवून चाललो असल्यास, आलो त्या बाजूची उलट दिशा अधिक त्या कोपऱ्याचा आतील कोन म्हणजे पुढील बाजूचा दिगंश होतो. बेरीज ३६० च्या वर गेल्यास त्यातून ३६० वजा करावेत. उदाहरणार्थ, अब ची दिशा ८०, म्हणून ब वरून मागे पाहिल्यास २६०. ब चा कोन ९० असल्याने बक ची दिशा ३५० येते.

‘बंद करा’ ही आज्ञा केव्हा द्यावी?

पाचही बाजू टंकल्यावर रेषेचे शेवटचे टोक अ वर येऊन टेकावयास पाहिजे. प्रत्यक्षात ते तंतोतंत टेकत नाही. आपल्या उदाहरणात ते अ च्या ईशान्येस सुमारे ३७ सेंटिमीटरवर थांबते. ही लहानशी फट म्हणजेच आपल्या मोजणीची परीक्षा होय.

सर्व आरेखन-प्रणालींत आकृती बंद करण्याची एक आज्ञा असते. ऑटोकॅडमध्ये तिला क्लोज म्हणतात. ती दिली की शेवटचे टोक पहिल्या बिंदूस सरळ रेषेने जोडले जाते. शेवटच्या बिंदूसाठी माप न टंकता माउसने अ वर टिचकी मारली तरी तेच घडते, कारण प्रणाली जवळच्या टोकाला आपोआप चिकटते. दोन्ही मार्गांनी फट दिसेनाशी होते. लोक समजतात की आकृती जुळली. वस्तुतः ती जुळविली गेलेली असते, आणि जुळणे व जुळविणे यांत फार अंतर आहे.

हे अंतर किती महाग पडू शकते ते पाहा. समजा, क ते ड मोजताना फितीचे दहा मीटर मोजावयाचे राहिले व ३८ ऐवजी २८ मीटर लिहिले गेले. असे सहज घडते, विशेषतः फीत मध्येच उचलून पुन्हा धरावी लागते तेव्हा. आता चार बाजू टंकून पाचवीसाठी ‘बंद करा’ ही आज्ञा दिली. पडद्यावर पाच बाजूंचे नीटनेटके शेत दिसते. एवढेच नव्हे, तर संगणकाने काढलेल्या पाचव्या बाजूची लांबी तपासली तर ती ३३.९ मीटर भरते. फितीने ती ३३.६ आली होती. पाहणाऱ्याचे पूर्ण समाधान होते. पण क्षेत्र? ते २४१२ चौरस मीटर, म्हणजे २४ गुंठ्यांनाही थोडे कमी येते. शेत वास्तविक २८ गुंठ्यांचे आहे. चार गुंठ्यांहून अधिक जमीन एका आज्ञेने नाहीशी झाली, आणि कोणाच्या लक्षातही आले नाही.

दोघा भावांची वाटणी या नकाशावरून ठरली असती, किंवा वाहून गेलेला बांध या नकाशावरून पुन्हा घातला असता, तर काय झाले असते याची कल्पना करावी. शेजाऱ्याने फसविले असे एकाला वाटले असते व खोटा आरोप केला असे दुसऱ्याला. दोघेही प्रामाणिक, आणि दोष मात्र न मोजलेल्या दहा मीटरचा.

तेव्हा नियम असा की पाचही बाजू मापाने टंकाव्यात, फट उघडी ठेवावी, ती मोजावी, आणि मगच आकृती बंद करण्याचा विचार करावा.

फट किती चालेल, आणि जास्त असल्यास चूक कोठे शोधावी?

परिमितीला फटीने भागावे. आपल्या पहिल्या, बरोबर मापांत २०८.६ मीटरला ०.३७ मीटरने भागले की सुमारे ५७० येतात, म्हणजे ५७० मीटरमागे एक मीटर चूक. होकायंत्र व फीत यांच्या कामात ३०० ते ६०० मीटरमागे एक मीटर इतकी चूक सामान्यतः चालवून घेतात. आपले माप त्यात बसते. इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन यंत्राच्या कामाकडून याहून कितीतरी पटीने अधिक अचूकतेची अपेक्षा असते.

चुकीच्या मापांनी, म्हणजे ३८ च्या जागी २८ घेऊन, पाचही बाजू टंकल्या तर फट १०.२ मीटर येते. वीस मीटरमागे एक मीटर! हे माप ठेवण्यासारखे नाही हे सांगावयास नको. पण येथे फटच आपणांस चूक कोठे आहे हे दाखविते. लांबीची एकच मोठी चूक झाली असेल तर फटीची रेषा त्या चुकलेल्या बाजूला जवळजवळ समांतर असते, आणि फटीची लांबी साधारणतः चुकीइतकी असते. आपल्या उदाहरणात फटीची दिशा सुमारे ९३ अंश येते. कड बाजूची उलट दिशा ९५ अंश आहे. दुसरी कोणतीही बाजू या दिशेच्या इतक्या जवळ नाही. फट दहा मीटरची आहे, म्हणजे फितीचा एक दहाचा टप्पा सुटला असावा. आता पाचही बाजू पुन्हा मोजण्याचे कारण नाही. सरळ क वर जावे व कड तेवढी मोजावी.

मात्र दोन बाजूंत चुका झाल्या असतील किंवा दिशा चुकली असेल तर हे लक्षण इतके स्पष्ट उमटत नाही. अशा वेळी सर्व मापे नव्याने घ्यावीत. शेतावर न जाता, घरी बसून, आकृती जुळेल असा आकडा शोधून काढणे हे मात्र सर्वथा वर्ज्य मानावे.

लहान फट वाटून देणे

फट मर्यादेत असेल तर ती सर्व कोपऱ्यांत लांबीच्या प्रमाणात वाटून देतात. अमेरिकन गणिती नॅथॅनियल बॉडिच यांनी १८०८ मध्ये ही रीत मांडली व ती अजूनही वापरात आहे. शेवटचे टोक ज्या दिशेने सरकविले म्हणजे अ वर येते, त्याच दिशेने प्रत्येक कोपरा थोडा थोडा सरकवावयाचा. किती सरकवावयाचा ते अ पासून त्या कोपऱ्यापर्यंत चाललेल्या लांबीवर ठरते. आपल्या शेतात ब पर्यंत ६२ मीटर झाले, म्हणून ब ला ३७ सेंटिमीटरपैकी ११ येतात. क ला १९, ड ला २५, इ ला ३१ व शेवटच्या टोकाला पूर्ण ३७. एवढे केल्यावर आकृती खऱ्या अर्थाने बंद होते. आता क्षेत्राची आज्ञा द्यावी. उत्तर २८३३ चौरस मीटर, म्हणजे २८.३३ आर किंवा २८ गुंठे येते.

मूळ मापे पुसून टाकू नयेत. कागदाच्या एका बाजूस मूळ मापे, दुसऱ्या बाजूस दुरुस्त मापे, आणि त्यांच्याखाली फट किती होती हे लिहावे. फट लिहिलेला नकाशा पाहणाऱ्यास अधिक विश्वसनीय वाटला पाहिजे, कमी नव्हे.

बंद आकृतीही काय सांगत नाही?

आकृती जुळली म्हणजे सर्व काही बरोबर असे मात्र समजू नये. आपली ३० मीटरची फीत ओढून ओढून ३० सेंटिमीटरने ताणली गेली असेल तर ती प्रत्येक बाजू शेकडा एक या प्रमाणात कमी दाखवील. सर्व बाजू सारख्याच प्रमाणात कमी झाल्याने आकृती अगदी व्यवस्थित बंद होईल, पण क्षेत्र शेकडा दोनने कमी येईल. २८ गुंठ्यांमागे ही तूट अर्ध्या गुंठ्याहून अधिक आहे. म्हणून हंगामाच्या आरंभी आपली फीत नव्या, चांगल्या फितीशी ताडून पाहावी. तसेच होकायंत्राने सर्वच दिशा सारख्याच अंशांनी चुकविल्या तरी आकृती बंद होते, फक्त संपूर्ण शेत कागदावर फिरलेले असते.

दुसरे असे की बंद आकृती शेताचा आकार सांगते, ठिकाण सांगत नाही. यासाठी निदान दोन कोपरे भरतीच्या पाण्याने न हलणाऱ्या खुणांशी जोडून ठेवावेत. उघाडीचे पक्के बांधकाम, विहिरीचा कठडा, देवळाचा चौथरा, मोजणी खात्याचा दगड अशा दोन खुणांपासून कोपऱ्याचे अंतर व दिशा लिहून ठेवावी. एखादे झाड किंवा विजेचा खांब यावर विसंबू नये. तसेच साध्या मोबाइलवर दिसणारे ठिकाण काही मीटर इकडेतिकडे असू शकते. ते शेत शोधण्यास उपयोगी आहे, कोपरा ठरविण्यास नाही.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, आपण काढलेली आकृती बांध आज जेथे आहे तेथील आहे. तो बांध योग्य जागी आहे किंवा नाही हे ती सांगू शकत नाही. तो निर्णय भूमि अभिलेख खात्याचा आहे. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करता येतो व तो ई-मोजणी प्रणालीतून नोंदविला जातो. मोजणीनंतर मिळणारी नकाशाची ‘क’ प्रत हाच हद्दीचा अधिकृत कागद होय. घरी काढलेल्या नकाशाच्या आधारे कोणीही सामाईक बांध सरकवू नये, दगड उपटू नये किंवा शेजाऱ्यास नोटीस देऊ नये.

मग या आकृतीचा उपयोग काय?

उपयोग पुष्कळ आहे. भाताचे बियाणे व खत यांचे प्रमाण क्षेत्रावर ठरते. नारळ-सुपारीच्या वाडीत किती रोपे बसतील, कुंपणास किती तार लागेल, बांधबंदिस्तीस किती माती लागेल, शेततळे कोठे बसेल, हे सारे अशा आकृतीवरून घरबसल्या ठरविता येते. सातबाराच्या उताऱ्यावरील क्षेत्र व आपले माप यांत मोठा फरक दिसला तर आधी आपली फट पाहावी, मग फीत तपासावी, आणि तरीही फरक राहिला तर सरकारी मोजणीसाठी अर्ज करावा. अर्जदाराजवळ बंद जुळलेली, फट नोंदविलेली आकृती असेल तर मोजणीच्या दिवशी नेमका कोणता कोपरा वादाचा आहे हे तो चटकन दाखवू शकतो.

खारजमिनीच्या गावांनी आणखी एक पाऊल पुढे जावे. बांध शाबूत आहेत तोपर्यंतच, शेजारच्या दोन्ही खातेदारांच्या समक्ष, अशी मापे घेऊन ठेवावीत. सामाईक बांधाचे माप दोघांच्या नकाशांत एकच असले पाहिजे, हा आणखी एक ताळा आपोआप मिळतो. गावातील एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी संगणकाचे काम दोन दिवसांत आत्मसात करू शकेल. फितीचे टोक धरावयास मात्र दोन्ही बांधांवरची माणसे हवीत. मापांच्या कागदावर दोघांनी सह्या कराव्यात, एक एक प्रत आपापल्या घरी कोरड्या जागी ठेवावी व एक गावात सांभाळावी. हे काम मेअखेर संपवावे. मृगाचा पाऊस लागला की खारीतील बांधांवरून फीत ओढणे कठीण होते.